एक रिपोर्ट हो म्हणतो, दुसरा नाही

पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मॅडम, माझ्या मिस्टरांना २०१६ साली रक्तदान शिबिरानंतर ऑस्ट्रेलिया अँटिजेन (कावीळ बी ची खूण) पॉझिटिव्ह असल्याचं कळलं. वय ४१. तीन वर्षांपासून टेनोफोविरची गोळी चालू आहे. बी चा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) आता जवळपास नाहीच, तरी एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढतं ते) १५० च्या खाली येत नाही. म्हणून मुंबईला बायोप्सी केली. त्या रिपोर्टात 'डेल्टा अँटिजेन: यकृतपेशींच्या केंद्रकांत पॉझिटिव्ह' असं आलंय. दिरांनी ओळखीच्या लॅबमधून रक्तातल्या डेल्टा अँटिजेनची एलायझा तपासणी करून घेतली, ती निगेटिव्ह. दीर म्हणतात, मुंबईत तुकडा बदलला असणार, पुन्हा बायोप्सी करा. सासूबाईंनी ह्यांचं ताट, वाटी, पेला वेगळं काढलंय. मुलगा बारा वर्षांचा आहे. दोनपैकी खरं कोणतं मानायचं?" – एक वाचक, सांगली जिल्हा

ताई,

बहुधा दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. आणि पुन्हा बायोप्सी नको. निदान आत्ता तरी नको. सुई दुसऱ्यांदा यकृतात घालण्याआधी रक्ताच्या दोन साध्या तपासण्या राहिल्यात, त्या तुमच्या पत्रात कुठंच दिसल्या नाहीत. त्यांच्याकडं येतेच. पण आधी हे दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध का बोलतात ते समजून घ्या, म्हणजे दिरांनाही समजावता येईल.

डेल्टा म्हणजे बांडगूळ. आंब्याच्या फांदीवरचं बांडगूळ आंब्याशिवाय जगत नाही, तसा हा विषाणू कावीळ बी च्या विषाणूशिवाय पसरू शकत नाही. त्याचं स्वतःचं सामान अगदीच तुटपुंजं: सुमारे १७०० अक्षरांची गोल आरएनएची साखळी, आणि तिच्यावरून बनणारं एकच प्रथिन, डेल्टा अँटिजेन. बाहेरचं वेष्टन त्याच्याकडं नाहीच. ते तो बी कडून उसनं घेतो. रिपोर्टवर ज्याला 'एचबीएसएजी' किंवा जुन्या बोलीत ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणतात, तेच हे वेष्टन. म्हणून ज्याला बी नाही त्याला डेल्टा होत नाही.

आता रक्त. रक्तात फिरणाऱ्या डेल्टाच्या कणात अँटिजेन असतंच, पण ते उसन्या वेष्टनाच्या आत बसलेलं. एलायझाच्या वाटीतलं रसायन बाहेरून चाचपडतं, त्याच्या हाताला लागतं फक्त बी चं वेष्टन. आतलं अँटिजेन मोकळं करायचं तर नमुन्यात साबणासारखं द्रव्य घालून वेष्टन विरघळवावं लागतं. चांगल्या किटमध्ये ही पायरी असते. पण ती करूनही दुसरी अडचण उरते, आणि तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत बहुधा तीच आड आली असणार. आजार जुना झाला की शरीर डेल्टाविरुद्ध भरपूर अँटिबॉडी तयार करतं. त्या अँटिजेनला चहूबाजूंनी चिकटून बसतात. एलायझाला जिथं पकडायचं ती जागाच मोकळी राहत नाही. अँटिजेन नळीत आहे, पण यंत्राला दिसत नाही. निगेटिव्ह!

डेल्टा अँटिजेन रक्तात उघडपणे सापडतं ते नव्या, तीव्र संसर्गाच्या पहिल्या काही दिवसांत, अँटिबॉडी तयार होण्याआधी. हा काळ इतका थोडा असतो की पेशंट दवाखान्यात पोचेपर्यंत बऱ्याचदा तो निघून गेलेला असतो. ज्यांची प्रतिकारशक्ती खचलेली असते, उदाहरणार्थ एचआयव्ही असलेले, त्यांच्यात ते जास्त दिवस दिसू शकतं, कारण अँटिबॉडीच कमी बनतात. जुन्या रुग्णाच्या रक्तातलं अँटिजेन दाखवायचं तर प्रथिनं उलगडून, अँटिबॉडीची पकड सोडवून, पट्टीवर वेगळी करावी लागतात. त्याला इम्युनोब्लॉट म्हणतात. तसं केलं की डेल्टाच्या दोन रेघा दिसतात, २४ आणि २७ किलोडाल्टनच्या: एक लहान रूप, एक मोठं. लहान रूप विषाणूच्या आरएनएच्या नकला काढायला लागतं, मोठं रूप त्याला वेष्टनात भरायला. पण हा संशोधनाच्या प्रयोगशाळेतला खटाटोप आहे, सांगलीत किंवा मुंबईत रोजच्या कामाला कुणी करत नाही, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

दिरांच्या लॅबनं चूक केली असं मी म्हणत नाही. त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. फक्त विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा होता.

यकृतात मात्र लपायला जागा नाही. डेल्टा वाढतो तो पेशीच्या केंद्रकात, आणि तिथं अँटिजेन उघडं पडलेलं असतं. हा सगळा शोधच मुळी यकृताच्या तुकड्यापासून सुरू झाला, म्हणून थोडं मागं जाते. इटलीतल्या तुरीन शहरात मारिओ रिझेत्तो नावाचे तरुण डॉक्टर बी च्या रुग्णांच्या यकृताचे गोठवलेले काप चमकणाऱ्या रंगाच्या अँटिबॉडीनं तपासत होते. त्यांना काही रुग्णांच्या केंद्रकांत चमक दिसली. पहिल्यांदा वाटलं, हा बी चाच गाभ्यातला अँटिजेन असेल, कारण तोही केंद्रकात बसतो. पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या पेशींत बी च्या गाभ्याचे कण दिसेनात. १९७७ साली त्यांनी हे नवं अँटिजेन जगापुढं मांडलं, नाव दिलं डेल्टा. तेव्हाही सगळ्यांची समजूत होती की हा बी चाच एखादा वेगळा भाग असावा. पुढं अमेरिकेत चिंपांझींवर प्रयोग झाले, १९८० साली ते छापून आले, आणि मग कळलं की हा वेगळाच, पण बी च्या आधारानं जगणारा विषाणू आहे.

थोडक्यात, तुमच्या मिस्टरांच्या तुकड्यावर मुंबईत जे केलं ते त्या पहिल्या पद्धतीचंच आजचं रूप. आता गोठवण्याची गरज लागत नाही. फॉर्मॅलिनमध्ये टाकलेला, मेणात बसवलेला तुकडा चालतो. त्याचे सुमारे चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात, डेल्टाची अँटिबॉडी लावतात, आणि जिथं ती चिकटेल तिथं तपकिरी रंग उमटेल असं रसायन घालतात. चांगल्या स्लाइडमध्ये निळसर पेशींच्या गर्दीत मधूनमधून गोल, गडद तपकिरी केंद्रकं दिसतात. पूर्ण पिठलं तपकिरी झालेलं नसतं, मोहरीचे दाणे पडावेत तशी विखुरलेली असतात.

इथं माझीच एक फजिती सांगते. शिकत असताना मी एका स्लाइडवर 'डेल्टा पॉझिटिव्ह' असं मोठ्या आत्मविश्वासानं लिहून टाकलं होतं. आमच्या सरांनी स्लाइड लावली, एक क्षण बघितली आणि मला विचारलं, "रंग कुठं आहे?" मी म्हटलं, पेशीत. "पेशीत कुठं?" मग मला दिसलं: रंग सगळा केंद्रकाबाहेर, पेशीच्या अंगभर पसरलेला. यकृताच्या पेशींत बायोटिन हे जीवनसत्त्व मुळातच भरपूर असतं, आणि आम्ही वापरत होतो ती रंग देण्याची पद्धत बायोटिनवरच चालायची. यकृतच स्वतःहून रंगत होतं! कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी रंगवलेली स्लाइड शेजारी ठेवली असती तर लगेच कळलं असतं, पण ती मी बघितलीच नव्हती. त्यानंतर यकृताच्या स्लाइडवर मी केंद्रक बघितल्याशिवाय पॉझिटिव्ह हा शब्द लिहिला नाही.

म्हणून तुमच्या रिपोर्टातला 'केंद्रकांत' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्यानं तो लिहिला त्यानं नेमकी जागा बघून लिहिलंय. नुसतं 'डेल्टा पॉझिटिव्ह' एवढंच असतं तर मी आणखी प्रश्न विचारले असते. तरी एक काम करा: डॉक्टरांमार्फत त्या विभागाला विचारा की कंट्रोल स्लाइड बरोबर निघाली होती का. असा प्रश्न विचारला म्हणून कुणाला राग येत नाही, आला तर येऊ द्या.

याला आधार देणारी आणखी एक गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिलीत, कदाचित लक्षात न येता. बी चा व्हायरल लोड जवळपास नाही, पण एसजीपीटी १५०. टेनोफोविर बी ला दाबते हे खरं, पण डेल्टा स्वतःही बी ला दाबतो. बी शांत असताना यकृत धुमसत राहिलं, की डॉक्टरच्या मनात डेल्टाची शंका यायला हवी. चरबी, दारू, काही औषधं यांनीही एसजीपीटी वाढतं, तेव्हा एवढ्यावरून निदान होत नाही. पण केंद्रकातला तपकिरी रंग आणि हे आकडे शेजारी ठेवले की चित्र जुळतं.

तुकडा बदलल्याचा दिरांचा संशय अगदीच खोडून काढणार नाही. माणसं काम करतात, माणसांकडून चुका होतात. एकदा आमच्याकडं एका रुग्णालयातून यकृताचा तुकडा फॉर्मॅलिनऐवजी सलाईनच्या बाटलीत आला होता, त्याचं जे झालं होतं ते बघवत नव्हतं. पण बदल झालाय की नाही हे ठरवायला दुसरी बायोप्सी हा शेवटचा मार्ग. पहिला मार्ग रक्ताचा, आणि तो सोपा आहे.

डॉक्टरांना या दोन तपासण्या नावानिशी सांगा. पहिली 'अँटी-एचडीव्ही, एकूण अँटिबॉडी'. एचडीव्ही म्हणजे डेल्टाचाच विषाणू. अँटिजेन नव्हे, अँटिबॉडी. हा फरक लॅबच्या फॉर्मवर एका शब्दाचा असतो आणि तिथंच घोळ होतो. जुना डेल्टा असलेल्या, प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसात ही जवळपास नेहमीच पॉझिटिव्ह येते. शरीरानं अँटिजेनला झाकून टाकणारी जी अँटिबॉडी बनवली, तीच इथं आपल्या कामाची. पण ती एकटी पुरत नाही, कारण डेल्टा निघून गेल्यावरही अँटिबॉडी उरू शकते. म्हणून दुसरी तपासणी: 'एचडीव्ही आरएनए, पीसीआर'. विषाणू आत्ता चालू आहे की नाही, हे तीच सांगते. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आणि आरएनए पॉझिटिव्ह आली, की तुकड्याचा रिपोर्ट बरोबर होता असं समजा. रक्तातल्या अँटिजेनचा निगेटिव्ह कागद फाइलमध्ये खाली सरकवून ठेवला तरी चालेल.

पीसीआरबद्दल एक खबरदारी. डेल्टाचे आठ जनुकप्रकार आहेत, आणि सगळी किटं सगळ्यांना सारखं पकडत नाहीत. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या तपासणीसाठी मापाचा नमुना ठरवून दिला, तेव्हापासून आकडे 'आययू प्रति मिली' या एककात देण्याची सोय झाली. तरी दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. पुढं सहा महिन्यांनी पुन्हा करायची वेळ आली तर त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीनं करा. बाजारात पोचेपर्यंत आंब्याचा भाव बदलतो, तसं हे आकडे लॅबगणिक हलतात.

आणि समजा अँटिबॉडी निगेटिव्ह आली, आरएनएही निगेटिव्ह? मग मी मुंबईच्या विभागाला तीच स्लाइड पुन्हा बघायला सांगेन, मेणाच्या ठोकळ्यातून नवे काप काढून पुन्हा रंगवायला सांगेन. तुकडा अदलाबदल झाल्याचा संशय तरीही राहिला तर ठोकळ्यातल्या पेशींचा डीएनए रक्ताशी जुळवून बघता येतो. यातही नवी सुई लागत नाही. उलट बाजूनं, पुढं कधी यकृतात डेल्टा 'निगेटिव्ह' आला तर त्यावर लगेच विसंबू नये. बायोप्सीचा दीडदोन सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे अख्ख्या यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग, आणि जुन्या आजारात रंगणारी केंद्रकं विरळ होत जातात. पॉझिटिव्हला जेवढं वजन, तेवढं निगेटिव्हला नाही.

एवढी सगळी झटापट कशासाठी, असं वाटेल. कारण डेल्टा बी पेक्षा जास्त हाणतो. डेल्टा असलेल्यांत सिरोसिस (यकृत व्रणांनी घट्ट होणं) आणि यकृताचा कर्करोग होण्याचा धोका एकट्या बी च्या तुलनेत वाढतो. जागतिक अंदाज असा, की बी असलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के लोकांना डेल्टाही असतो. मंगोलिया, मोल्दोव्हा, पश्चिम आणि मध्य आफ्रिका, ॲमेझॉनचं खोरं इथं तो बराच दिसतो. आपल्याकडं कमी दिसतो, म्हणून डॉक्टरांच्या मनातही पटकन येत नाही. २०२४ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनी एचबीएसएजी पॉझिटिव्ह नमुन्यावरच डेल्टाची अँटिबॉडी तपासायला सांगितलंय. तुमच्या मिस्टरांची २०१६ लाच झाली असती तर तुम्ही मला हे पत्र लिहिलंच नसतं, पण ते आता उकरून काढून उपयोग नाही. 'हे आलं कुठून' याचाही छडा लावत बसू नका. घरात खटला उभा राहील आणि निकाल लागणार नाही.

औषधांचं थोडक्यात. टेनोफोविर डेल्टावर चालत नाही, पण म्हणून ती मनानं बंद करू नका. बी चा आजार उसळू शकतो आणि ते धोक्याचं ठरतं. डेल्टावर पेगिलेटेड इंटरफेरॉनची इंजेक्शनं वर्षभराच्या आसपास देतात, सगळ्यांना चालत नाहीत, आणि सिरोसिस बिघडलेल्या अवस्थेत तर नाहीच. बुलेव्हिर्टाइड नावाचं नवं औषध युरोपात २०२० साली सशर्त आणि २०२३ साली पूर्ण मंजूर झालं. ते यकृताच्या पेशीचं दारच अडवतं, रोज त्वचेखाली टोचावं लागतं. यातलं काय, कधी, कुठं मिळेल हे यकृतरोगतज्ज्ञाशी बसून ठरवा. जनरल फिजिशियनवर इथं थांबू नका. जाताना मूळ स्लाइड, रिपोर्ट, फायब्रोस्कॅन किंवा सोनोग्राफी सगळं घेऊन जा.

आता सासूबाई. ताट, वाटी, पेला वेगळं काढायची काही गरज नाही. डेल्टा आणि बी जेवणातून, पाण्यातून, एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं पसरत नाहीत. रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतात. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, दाढीचं सामान, टूथब्रश, नेलकटर. दाढीसाठी न्हाव्याकडं जात असतील तर नवं ब्लेड डोळ्यांदेखत लावून घ्यायला सांगा. इंजेक्शन आणि दंतवैद्याकडंही हेच. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, त्यांना सुनेचं ऐकायला वेळ लागेल. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या आणि डॉक्टरांकडून वदवून घ्या.

तुमचं आणि मुलाचं मात्र उद्याच काम करा. दोघांचं एचबीएसएजी आणि बी ची संरक्षक अँटिबॉडी तपासा. संरक्षण नसेल तर बी ची लस घ्या: शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस. सासूबाई आणि दीर घरात राहत असतील तर त्यांनाही. डेल्टाची वेगळी लस नाही, पण बी ची लस लागू झाली की डेल्टाला बसायला फांदीच उरत नाही. भारतात बी ची लस सगळ्या राज्यांतल्या बाळांच्या लसीकरणात २०११ साली आली. तुमचा मुलगा त्यानंतरचा, म्हणजे त्याला ती बहुधा मिळाली असेल. जुनं लसीकरणाचं कार्ड शोधा. तरी तपासून घ्याच. राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून चालू आहे, त्यात बी ची तपासणी आणि औषध सरकारी केंद्रात मोफत मिळतं. जिल्हा रुग्णालयात विचारा, खिशातून सगळं काढायची गरज नाही.

एक शेवटचं. मुंबईच्या रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात एक नंबर असेल, बहुधा वर्ष आणि तिरकी रेघ मारून लिहिलेला. तो तुमच्या मिस्टरांच्या मेणाच्या ठोकळ्याचा नंबर. वहीत उतरवून ठेवा. रंगलेल्या स्लाइड पुढंमागं फिक्या पडू शकतात, पण ठोकळा नीट ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात लाब्रेआ ताप म्हणून ओळखला जाणारा जीवघेणा आजार होता. तिथल्या यकृताच्या नमुन्यांत डेल्टाचं अँटिजेन सापडलं आणि त्यामागचा हात कळला. तुमच्या घरचा ठोकळाही कुठल्यातरी कपाटात बसलेला आहे. फोन करून तो किती वर्षं ठेवणार ते विचारा, आणि मोडीत काढायच्या आधी आम्हाला कळवा, असं लेखी देऊन ठेवा.